संगणक चालू होईना, तेव्हा

शेतात पाटाचे पाणी आले नाही, तर आपण काय करतो? शेत खणून काढीत नाही. पिकाला दोष देत नाही. खांद्यावर फावडे टाकतो आणि आधी पाटाच्या तोंडाशी जातो. तिथे पाणी आहे ना, ते पाहतो. मग पाण्याबरोबर खाली चालत येतो. कुठे तरी बांध फुटलेला असतो. कुठे खेकड्याने भोक पाडलेले असते. कुठे पालापाचोळा अडकलेला असतो. ती जागा सापडली की निम्मे काम झाले.

संगणकाचेही असेच आहे. काल संध्याकाळपर्यंत तो नीट चालत होता. आज सकाळी बटण दाबले, तर दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. अशा वेळी काही माणसे घाबरतात. संगणक जळाला असे समजून नवा घ्यायला निघतात. काही माणसे भलतीच धीट असतात. ती स्क्रूड्रायव्हर घेऊन डबाच उघडून बसतात. दोन्ही वाटा नुकसानीच्या. आपण पाटाची रीत धरू. वीज ज्या वाटेने येते, त्या वाटेने चालत जाऊ. ती कुठे अडली ते पाहू.

हे आपल्याला कशाला?

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या घरी कुठला आलाय संगणक?" घरी नसेल. पण ग्रामपंचायतीत आहे. सेवा सोसायटीत आहे. शाळेत आहे. दूध संस्थेत आहे. त्यात जे लिहिलेले असते ते आपलेच असते. आपले दूध, आपले कर्ज, आपली घरपट्टी.

समजा, सकाळचे सहा वाजले आहेत. दूध घालायला रांग लागली आहे. संगणकावर बसणारी मुलगी बटण दाबते आहे, पण काहीच होत नाही. उद्या दहा दिवसांचे बिल वाटायचे आहे.

रांगेतले एक आबा विचारतात, "अगं पोरी, काल तर चालत होता की! आता आमचा दहा दिवसांचा हिशेब गेला म्हणायचा का?"

मुलगी म्हणते, "नाही हो आबा. हिशेब कुठं जात नाही. पण यंत्र का बंद पडलंय ते बघायला पाहिजे."

मुलगी बरोबर बोलली. हिशेब का जात नाही, ते पुढे सांगतो. आधी यंत्राची ओळख करून घेऊ.

डबा, पडदा आणि विजेची वाट

टेबलावरच्या संगणकाचे मुख्य भाग दोन. एक पडदा, म्हणजे मॉनिटर. दुसरा डबा. त्याला लोक सीपीयू म्हणतात. सगळे काम डब्यात चालते. पडदा नुसते दाखवतो. दोघांना वीज वेगवेगळी मिळते. म्हणून पडदा काळा दिसला म्हणजे संगणक बंदच आहे, असे धरून चालू नका. डब्यावरचा बारीक दिवा पाहा. डब्याला कान लावा. आत पंख्याचा आवाज येतो का? येत असेल, तर डबा चालू आहे.

आता विजेची वाट पाहा. डीपीवरून वीज खांबावर येते. खांबावरून मीटरला, मीटरवरून भिंतीतल्या बोर्डाला. तिथून पुष्कळ ठिकाणी यूपीएसला जाते. यूपीएस म्हणजे लाइट गेली तर काही मिनिटे बॅटरीवर काम चालवणारी पेटी. यूपीएसमधून वायरने वीज डब्याच्या पाठीशी येते. तिथे आत एक लोखंडी पेटी बसवलेली असते. तिचे नाव पॉवर सप्लाय. कारागीर तिला एसएमपीएस म्हणतात.

ही पेटी काय करते? आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ती फार जोराची असते. संगणकाच्या आतले भाग नाजूक. त्यांना १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट एवढीच वीज लागते. मोठ्या कालव्याचे पाणी एकदम वाफ्यात सोडले, तर रोपे वाहून जातील. आपण ते दारे धरून बेताने सोडतो. पॉवर सप्लाय हेच दारे धरण्याचे काम करतो. सगळ्या जोराच्या विजेचा धक्का आधी तो सोसतो. म्हणून डब्यातल्या भागांत तोच पुष्कळदा आधी बिघडतो. तो बदलता येतो. त्यासाठी सगळा संगणक टाकून द्यावा लागत नाही.

बटणाची गोष्टही समजून घ्या. पूर्वीच्या संगणकांत बटण विजेची वाटच तोडीत असे, जसा दिव्याचा खटका तोडतो. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. तेव्हापासून डब्याच्या पुढचे बटण नुसता इशारा देऊ लागले. ते दाराच्या कडीसारखे नाही, दारावरच्या घंटीसारखे आहे. घंटी वाजली की आतले माणूस उठते आणि दार उघडते. म्हणजे हे उठणारे माणूस रात्रभर आत जागे हवे. त्यासाठी संगणक बंद दिसत असला, तरी पिन लावलेली असेपर्यंत आत थोडी वीज असतेच. हे पक्के ध्यानात ठेवा.

हात लावण्याआधी

विजेशी गाठ आहे. म्हणून चार गोष्टी आधी पाळा.

हात कोरडे असू द्या. दुधाच्या केंद्रावर फरशी ओली असते. तिथे अनवाणी उभे राहून पिन काढू-घालू नका. पायात चप्पल असू द्या.

कोणतीही वायर काढण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करा. वायर ओढून काढू नका. पिन धरून काढा.

जळका वास आला, धूर दिसला, किंवा पिन लावताच एमसीबी पडली, तर तिथेच थांबा. पुन्हा लावून पाहू नका. पिन काढून ठेवा आणि जाणत्याला बोलवा.

पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. तिच्यात कॅपॅसिटर नावाचे लहान लहान पिंपासारखे भाग असतात. ते वीज साठवून ठेवतात. वायर काढल्यावरही काही वेळ ती वीज त्यांच्यात राहते. जिवावर बेतेल असा झटका त्यातून बसू शकतो.

वाटेने चालत जाऊ

पहिली पायरी : बोर्डात वीज आहे का? खोलीतला दिवा लागतो म्हणून बोर्डातही वीज असेल, असे नाही. त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर किंवा टेबल फॅन लावून पाहा. पुष्कळ लोक नुसता टेस्टर लावतात. टेस्टर पेटला की म्हणतात, "वीज आहे." हे पुरेसे नाही. वीज यायला एक तार लागते आणि परत जायला एक तार लागते. परत जाणारी तार, म्हणजे न्यूट्रल, तुटलेली असली तरी टेस्टर पेटतो. पण यंत्र चालत नाही. म्हणून यंत्र लावूनच पाहावे.

फॅन नेहमीपेक्षा फार जोरात फिरला, किंवा दिवा डोळे दिपतील इतका पेटला, तर संगणक लावू नका. न्यूट्रल तुटली तर वीज फार वाढू शकते. त्यात घरातली यंत्रे जळतात. वायरमनला निरोप धाडा.

दुसरी पायरी : मधली पेटी आणि मधला बोर्ड. भिंतीपासून डब्यापर्यंत यूपीएस आहे का? एक्स्टेंशन बोर्ड आहे का? ही मधली मंडळी बाजूला काढा. डब्याची वायर सरळ भिंतीतल्या बोर्डात लावा आणि बटण दाबा. संगणक चालू झाला, तर तो बिचारा निर्दोष. दोष यूपीएसचा किंवा मधल्या बोर्डाचा. यूपीएसमधली बॅटरी काही वर्षांनी थकते. ती पार थकली की काही यूपीएस लाइट असतानाही सुरू होत नाहीत. मग माणसाला वाटते, संगणकच गेला. बदलायची असते नुसती बॅटरी.

तिसरी पायरी : वायर. बोटांनी नव्हे, डोळ्यांनी पाहा. उंदराने कुरतडली आहे का? टेबलाच्या पायाखाली चेपली आहे का? नंतर भिंतीवरचे बटण बंद करून वायर डब्याच्या पाठीमागे घट्ट दाबून बसवा. झाडताना, टेबल सरकवताना ती किंचित बाहेर येते. वरून पाहता बसलेली दिसते, पण आत टेकलेली नसते.

वायरचाच संशय असेल, तर एक सोपी युक्ती आहे. पुष्कळ ठिकाणी पडद्याची वायर आणि डब्याची वायर एकाच जातीची असते. पडद्याचा दिवा लागत असेल, तर त्याची वायर चांगली आहे. ती काढून डब्याला लावून पाहा.

चौथी पायरी : पाठीमागचे बटण. डब्याच्या पाठीमागे, वायर जिथे शिरते तिथे, बहुतेक संगणकांना एक लहान बटण असते. त्यावर अक्षर नसते. दोन खुणा असतात. एक उभी रेघ, एक गोल. उभी रेघ दाबलेली असली म्हणजे चालू. गोल दाबलेला असला म्हणजे बंद. साफसफाई करताना हात लागून हे बटण बंद होते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

काही जुन्या संगणकांवर शेजारीच एक लाल खटका असतो. त्यावर ११५ किंवा २३० असा आकडा दिसतो. आपल्या देशात तो २३० वरच पाहिजे. ११५ वर ठेवून आपली वीज दिली, तर पॉवर सप्लाय जळतो. आकडा वाचा, पण खटक्याशी खेळू नका. मुलांनाही खेळू देऊ नका.

पाचवी पायरी : थोडी विश्रांती. विजेचा झटका आला, तर काही पॉवर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी आपण होऊन बंद होतात आणि तसेच अडून बसतात. त्यांना सोडवण्याची रीत सोपी आहे. भिंतीवरचे बटण बंद करा. डब्याची वायर काढा. आता पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. म्हणजे आत राहिलेली वीज बरीचशी निघून जाते. पाचेक मिनिटे थांबा. वायर पुन्हा लावा आणि बटण एकदाच दाबा. पुष्कळदा यंत्र यावरच जागे होते.

या पाच पायऱ्यांना फार तर पाव तास लागतो. पैसा एकही लागत नाही. डबाही उघडावा लागत नाही.

बंद पडण्याच्या तीन तऱ्हा

पाच पायऱ्या झाल्या, तरी संगणक चालू होत नाही. मग तो कसा बंद आहे ते नीट पाहा. कारागिराला हेच सांगायचे आहे.

पहिली तऱ्हा. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. बहुधा पॉवर सप्लाय गेलेला असतो. कधी पुढचे बटण खराब होते किंवा त्याची आतली तार सुटते. कधी आतला मोठा पाट, म्हणजे मदरबोर्ड, गेलेला असतो.

दुसरी तऱ्हा. बटण दाबले की पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. म्हणजे वीज आत पोचते आहे, पण टिकत नाही. आत कुठे तरी तारेला तार भिडली असेल. पॉवर सप्लाय अशक्त झाला असेल. किंवा एखादा भाग ढिला झाला असेल.

तिसरी तऱ्हा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा. मग वीज येण्याचा प्रश्नच नाही. आधी पडद्याला डब्याशी जोडणारी केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. पडद्याचे स्वतःचे बटण पाहा. तरीही काळाच राहिला, तर बरेचदा आतली रॅम नावाची पट्टी ढिली झालेली असते किंवा तिच्यावर मळ बसलेला असतो. कारागीर ती काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसतो आणि परत बसवतो. एवढ्यावर यंत्र चालू लागते.

हिशेब गेला का?

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ.

शाळेत गुरुजी फळ्यावर लिहितात आणि मुले वहीत उतरवून घेतात. तास संपला की फळा पुसला जातो. वही मात्र दप्तरात राहते. संगणकातही एक फळा आहे आणि एक वही आहे. फळा म्हणजे रॅम. वीज गेली की तो कोरा होतो. वही म्हणजे हार्ड डिस्क. नव्या संगणकात एसएसडी असते. तिच्यावर उतरवलेले वीज गेली तरी पुसत नाही. पॉवर सप्लाय जळला, तरी वहीतला हिशेब बहुधा जसाच्या तसा असतो. डब्यातून डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर कारागिराला तो वाचता येतो.

मात्र वीज गेली त्या क्षणी जी नोंद अर्धीच लिहिली होती, ती जाऊ शकते. म्हणून चालू झाल्यावर शेवटच्या चार नोंदी वहीशी ताडून पाहा. तारीखही पाहा. मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. ती यंत्राचे घड्याळ चालू ठेवते. ती संपली, तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते. चुकीच्या तारखेला दूध जमा झाले, तर बिल चुकते आणि गावात भांडण लागते.

विजेचा मोठा लोळ आला, तर कधी कधी डिस्कही जळते. म्हणून प्रत्येक बिलाच्या दिवशी हिशेबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावी. तो पेनड्राइव्ह संगणकाच्या शेजारी ठेवू नये. दुसऱ्या घरी, कुलपात ठेवावा. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवीत नाही, तसेच हे.

कारागिराकडे नेताना

कारागीर बहुतेक प्रामाणिक असतात. पण आपण अजाण राहिलो, तर आपला तोटा होतो. म्हणून कागदावर लिहून न्या : कधी बंद पडला, त्या वेळी लाइट गेली होती का, तीन तऱ्हांतली कोणती तऱ्हा, आपण काय काय करून पाहिले. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ते इथे कामी येईल.

"पॉवर सप्लाय गेलाय," असे त्याने सांगितले, तर म्हणावे, "भाऊ, चांगला चालणारा एक लावून दाखवा." दुसरा लावल्यावर संगणक चालू झाला, तर निदान खरे. मगच नवा विकत घ्यावा. काढलेला जुना भाग परत मागावा. पावती घ्यावी. आणि एक गोष्ट आवर्जून सांगावी, "आम्हांला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." फॉरमॅट म्हणजे वही कोरी करणे. यंत्र चालू होत नाही, त्याला फॉरमॅट हा उपाय नव्हे.

पुन्हा बंद पडू नये म्हणून

ढग गडगडू लागण्याआधीच पिन भिंतीतून काढून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर असेल, तर तीही काढा. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात हे विसरू नका. वीज कडाडू लागली असेल, तर मात्र वायरला हात लावायला जाऊ नका.

अर्थिंग चांगली ठेवा. तीन पायांच्या पिनेतला जाड आणि लांब पाय अर्थिंगचा. तो मोडून पिन बसवू नका. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा असेल, तर उन्हाळ्यात त्यात पाणी घाला.

डबा जमिनीवर ठेवू नका. भुसा, धूळ आणि ओल यांनी तो मरतो. भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, म्हणजे त्याला श्वास घेता येईल. पाठीमागे उघडी भोके असतील, तर ती बुजवून घ्या. पाली, झुरळे आणि उंदीर तिथूनच आत शिरतात.

बंद करताना पडद्यावरून रीतसर बंद करा. एकदम पिन ओढू नका.

ध्यानात ठेवा

यंत्र गप्प झाले म्हणजे मेले असे नाही. विजेची वाट धरा. बोर्ड, मधली पेटी, वायर, पाठीमागचे बटण, विश्रांती, या क्रमाने जा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोणाचा ते कळत नाही. आपली हद्द डब्याच्या पत्र्यापर्यंत. त्याच्या आत कारागिराची हद्द. आणि नक्कल काढून ठेवलेली असेल, तर यंत्र बंद पडले तरी संस्थेचा हिशेब शाबूत राहतो.

सांगा पाहू

१. टेस्टर पेटला, तरी यंत्र का चालत नाही?
२. पाठीमागच्या बटणावरच्या दोन खुणा कोणत्या? त्यांचा अर्थ काय?
३. संगणकातला फळा कोणता आणि वही कोणती?
४. तुमच्या गावच्या संस्थेत हिशेबाची नक्कल कोण ठेवते? ती कुठे ठेवलेली आहे? विचारून या.